तिसरा स्ट्राइक आणि डेड बॉल: नव्या सॉफ्टबॉल पंचांसाठी

बॅटरवर दोन स्ट्राइक (हुकलेले किंवा पंचाने स्ट्राइक ठरवलेले चेंडू) आहेत, पहिल्या बेसवर रनर आहे, एक आऊट झालेला आहे. मुलगी बॅट फिरवते, चेंडू हुकतो आणि कॅचरच्या ग्लोव्हला लागून मागे जातो. लगेच बाकावरून ओरडा सुरू होतो, "पळ, पळ!" बॅटर पळत सुटते. कॅचर घाईघाईने चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकते, तो सगळ्यांच्या डोक्यावरून जातो आणि पहिल्या बेसवरची रनर थेट तिसऱ्या बेसवर पोचते. दोन्ही संघांचे सर तुमच्याकडे बघत उभे आहेत. बॅटर तर चेंडू हुकला तेव्हाच बाद झाली होती. ते त्या क्षणी कुणीतरी मोठ्याने सांगायला हवे होते, आणि ते काम प्लेटमागे उभ्या असलेल्या पंचाचे, म्हणजे तुमचे होते.

मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन्ही जिल्ह्यांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा होतात. नव्या पंचाला पहिला अनुभव बहुतेक तिथेच मिळतो. कुणी शाळेत पीटीचे सर असतो, कुणी कॉलेजात खेळलेली मुलगी असते. खेळ माहीत असतो, नियमही वाचलेले असतात. तरी दोन जागी पाय अडखळतो: चेंडू जिवंत आहे (खेळ चालू) की डेड (खेळ थांबलेला), आणि तिसऱ्या स्ट्राइकवर बॅटरला पळायचा हक्क आहे की नाही. याचे कारण मला असे दिसते की आपण निर्णय चेंडू पडल्यावर शोधायला लागतो. या दोन प्रश्नांचे निम्मे उत्तर पिचरच्या हातून चेंडू सुटण्याआधीच ठरलेले असते. ते आधी ठरवून ठेवायची सवय लावणे, हाच या लेखाचा विषय आहे.

इथले सगळे फास्ट पिच, म्हणजे पिचर वेगाने चेंडू टाकते त्या सॉफ्टबॉलला धरून आहे. स्लो पिचमध्ये सुटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकवर पळण्याचा प्रकारच नाही, आणि दोन स्ट्राइकनंतरचा फाऊल (रेषेबाहेर गेलेला फटका) थेट आऊट असतो. ऑफिसच्या किंवा सोसायटीच्या स्पर्धेत बोलावले, तर कोणते सॉफ्टबॉल खेळणार ते आधी विचारा.

पायरी पहिली: चेंडू पडण्याआधी

बॅटरवर दोन स्ट्राइक झाले की पुढच्या प्रत्येक चेंडूआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. आऊट किती? पहिल्या बेसवर कुणी आहे का? आणि लगेच मनात निकाल लावून टाका: "पळता येईल" किंवा "पळता येणार नाही". हे ओठ हलवून पुटपुटले तरी चालेल, मास्कच्या आत कुणाला दिसत नाही. हातात मोजणी ठेवायचा काऊंटर असतोच, पण तो आकडे सांगतो, निकाल सांगत नाही.

त्याच वेळी बेसवरच्या पंचाकडे एक नजर टाका. दोघांमध्ये एक खूण सामना सुरू होण्याआधी ठरवून ठेवलेली असावी. दोन स्ट्राइक झाले आणि पळण्याचा हक्क लागू होणार असेल, तर ती खूण करायची. समोरच्यानेही तीच खूण परत केली की दोघे एकाच पानावर आहेत हे कळते. खूण कोणती, हे महत्त्वाचे नाही. ती रोज तीच असावी, एवढेच.

पायरी दुसरी: तिसऱ्या स्ट्राइकचा नियम

तिसरा स्ट्राइक पडला आणि कॅचरने चेंडू जमिनीला लागण्याआधी पकडला नाही, तर दोन परिस्थितींत बॅटरला पहिल्या बेसकडे पळता येते. एक, दोनपेक्षा कमी आऊट असताना पहिला बेस रिकामा असेल तर. दोन, दोन आऊट झालेले असतील तर नेहमीच, मग पहिला बेस भरलेला असो वा रिकामा.

हे घोकण्यापेक्षा यामागचे कारण समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. समजा पहिल्या बेसवर रनर आहे, एकही आऊट नाही, आणि तरीही बॅटरला पळायचा हक्क आहे. मग बॅटर येतेय म्हणून पहिलीवरच्या रनरला दुसरीकडे पळावेच लागेल. चलाख कॅचर तिसरा स्ट्राइक मुद्दाम खाली टाकेल, उचलून दुसऱ्या बेसवर फेकेल, तिथून पहिल्या बेसवर, आणि एका चेंडूत दोन आऊट फुकटात मिळतील. ते होऊ नये म्हणून पहिला बेस भरलेला असताना बॅटर सरळ बाद. दोन आऊट असतील तर डाव संपवायला एकच आऊट पुरतो, मुद्दाम टाकून काही पदरात पडत नाही. म्हणून तिथे हे बंधन नाही.

पहिला बेस भरलेला की रिकामा, हे चेंडू टाकला गेला तेव्हाच्या स्थितीवरून ठरते. रनर चोरी करायला, म्हणजे फटक्याविना पुढचा बेस गाठायला निघाली आणि चेंडू प्लेटवर येईपर्यंत पहिला बेस मोकळा दिसू लागला, तरी तो भरलेलाच धरायचा. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, त्यामुळे इथे शंकेला फारशी जागा नाही.

काही गैरसमज मैदानावर पुन्हा पुन्हा ऐकू येतात. "बॅट फिरवली तरच पळता येते" हा त्यातला पहिला. बॅटर नुसती बघत उभी राहिली आणि तुम्ही स्ट्राइक दिला, तरी चेंडू पकडला गेला नसेल तर हक्क तोच. दुसरा, "टप्पा पडलेल्या चेंडूवर स्ट्राइक नसतो". बॅटरने टप्पा पडलेल्या चेंडूवर बॅट फिरवली आणि हुकली, तर तो स्ट्राइकच आहे. शिवाय टप्पा पडल्यानंतर कॅचरने कितीही सफाईने घेतला तरी तो झेल नाही. म्हणजे दोन आऊट असताना तिसरा स्ट्राइक असा गेला, तर बॅटर पळू शकते आणि कॅचरला तिला टॅग करावे (चेंडू हातात धरून स्पर्श करावा) लागते किंवा चेंडू पहिल्या बेसवर पोचवावा लागतो. शालेय सामन्यात अशा वेळी कॅचर चेंडू शांतपणे पिचरकडे टाकून देते आणि सगळ्या मुली डगआऊटकडे चालू लागतात. अजून तिसरा आऊट झालेला नाही हे फक्त तुम्हाला माहीत असते. अशा वेळी घाई करू नका. जागा सोडू नका, प्लेट पुसायला वाकू नका, डाव संपला असे हातांनी सुचवू नका. कुणाच्या लक्षात आणून देणेही तुमचे काम नाही.

पळण्याचा हा हक्क बॅटर आपल्या संघाच्या जागेत शिरेपर्यंत टिकतो. आपल्याकडे मैदानावर डगआऊट म्हणजे बहुतेक वेळा एक ताडपत्री, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि किटबॅगांचा ढीग. त्यामुळे संघाची जागा कुठे सुरू होते हे सामन्याआधी चुना टाकून दाखवा आणि दोन्ही कर्णधारांना सांगा. एकदा बॅटर त्या रेषेच्या आत गेली की ती बाद, मग बाकावरून कितीही "परत ये, पळ!" ऐकू आले तरी.

बेस भरलेले आणि दोन आऊट असताना सुटलेला तिसरा स्ट्राइक, हा या नियमाचा सगळ्यात सुंदर भाग आहे असे मला वाटते. बॅटर धावायला लागताच प्रत्येक रनरवर पुढच्या बेसची सक्ती येते. म्हणून कॅचरने चेंडू उचलून नुसता होम प्लेटवर पाय ठेवला तरी तिसरा आऊट झाला. पहिल्या बेसकडे लांब फेकायची गरज नाही. ज्या कॅचरला हे कळते ती खेळ कळणारी खेळाडू. पण ती प्लेटवर पाय ठेवते तेव्हा नवा पंच मात्र पहिल्या बेसकडे बघत असतो. बेस भरलेले असतील तर मागे सरकताना प्लेट नजरेत ठेवा, पाय पडताच हात वर घ्या आणि खणखणीत आवाजात आऊट द्या.

धावेचाही हिशेब लक्षात ठेवा. बॅटर पहिल्या बेसला पोचण्याआधी तिसरा आऊट ठरली, तर तिसऱ्या बेसवरची रनर आधी होम प्लेट ओलांडून गेली असली तरी धाव नाही. गुणलेखकाकडे बघून हात हलवा आणि "धाव नाही" असे तोंडाने सांगा. तसे केले नाही तर डाव संपल्यावर टेबलापाशी वाद होतो.

पहिल्या बेसला दुहेरी बेस लावला असेल, म्हणजे आत पांढरा आणि फाऊलच्या बाजूला नारिंगी, तर सुटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकवर बॅटर आणि बचाव करणारी खेळाडू दोघींनाही कोणताही भाग वापरता येतो. कॅचर बहुतेक वेळा फाऊलच्या बाजूने फेकत असते, म्हणून ही सोय.

पायरी तिसरी: पकडला की नाही

नियम सोपा आहे, बघणे अवघड. खालचा चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये शिरतो तेव्हा नेमका तिच्याच पाठीमुळे तो तुम्हाला दिसत नाही. ग्लोव्हची बोटे वर असतील तर चेंडू बहुधा हवेतून आला, बोटे जमिनीकडे वळलेली असतील तर संशय घ्या. आवाजही ऐका. कोरड्या मैदानावर टप्प्याचा आणि ग्लोव्हचा असे दोन आवाज एकामागून एक येतात.

पावसाळ्यात मात्र आवाजावर भरवसा ठेवता येत नाही. चिखलात चेंडू मुकाट पडतो. त्याऐवजी एक करा: प्रत्येक नवी बॅटर येताना चेंडू पुसलेला आहे ना ते पाहा. मग शंका आल्यावर चेंडूवरचा ताजा ओला डाग काहीतरी सांगतो. कोरड्या दिवसांत लाल मातीच्या डागावरून निर्णय देऊ नका. तो तीन चेंडूंपूर्वीचाही असू शकतो.

तुम्हाला दिसले नाही तर बेसवरच्या पंचाकडे लगेच बघा. त्याला बाजूने दिसते. त्याने तळहात खाली करून जमिनीकडे दाखवले तर टप्पा, मूठ दाखवली तर झेल, असे काहीतरी साधे ठरवून ठेवा. ही नजरानजर एका क्षणात व्हायला हवी. पाच पावले चालत जाऊन विचारण्याएवढा वेळ नसतो, कारण बॅटर तोवर पळत असते.

अर्धी बॅट फिरवण्याबाबतही हेच. दोन स्ट्राइक आहेत, बॅटरने बॅट अडवल्यासारखी वाटली, तुम्ही "बॉल" (स्ट्राइक नसलेला चेंडू) म्हणालात आणि चेंडू कॅचरपासून सुटला. कॅचरने विचारायची वाट बघू नका, त्याच क्षणी बेसवरच्या पंचाला विचारा. कारण तो "स्ट्राइक" म्हणाला तर पळापळ तेव्हाच व्हायला हवी, अर्ध्या मिनिटाने नाही. इतर वेळी कॅचरने विचारल्यावर विचारले तरी चालते.

बॅटला निसटता लागलेला चेंडू वेगळा जपून हाताळा. बॅटला लागून चेंडू थेट आणि वेगाने कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेला आणि तिने धरला, तर तो फाऊल टिप. तो स्ट्राइक आहे आणि चेंडू जिवंत आहे. दोन स्ट्राइक असतील तर बॅटर बाद, आणि रनर त्याच चेंडूवर चोरी करू शकतात. पण कॅचरने तो धरला नाही तर तो साधा फाऊल: चेंडू डेड, बॅटर तशीच उभी, दोन स्ट्राइक कायम, पळण्याचा प्रश्नच नाही. बॅटचा "टक" ऐकताच हात वर टाकायची सवय अनेकांना असते. आधी ग्लोव्हकडे बघा, मग हात उचला. हात वर गेले की खेळ थांबला, आणि चोरी करून दुसऱ्या बेसवर पोचलेल्या रनरला मग काय सांगणार?

दोन स्ट्राइकनंतर बंट (बॅट न फिरवता चेंडूला नुसती लावून मारलेला फटका) फाऊल गेला, तर बॅटर बाद आणि चेंडू डेड.

पायरी चौथी: डेड बॉल

चेंडू डेड म्हणजे त्या क्षणापासून कुणी बाद होऊ शकत नाही, कुणी स्वतःहून पुढे जाऊ शकत नाही. त्यानंतर जे काही मिळते ते पंच देतो म्हणून मिळते. दोन्ही हात डोक्याच्या वर, तळहात समोर, आणि आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जाईल असा: "डेड बॉल!"

झेल न घेतलेला फाऊल, बॅटरच्या अंगाला लागलेला चेंडू, मैदानाच्या हद्दीबाहेर गेलेला चेंडू, रनरने किंवा बॅटरने बचावात आणलेला अडथळा, बॅटरने उभे राहायच्या चौकोनाबाहेर पूर्ण पाऊल टाकून मारलेला फटका, आणि पंचाने मागितलेला किंवा दिलेला टाइम, हे सगळे लगेच डेड. रनरने चेंडू सुटण्याआधी बेस सोडला तर तीही बाद आणि चेंडू डेड. क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू पंचाला लागला तर मात्र तो डेड नाही, खेळ चालू राहतो. आपल्याच अंगाला चेंडू लागला की दचकून हात वर जातात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

काही गोष्टींत चेंडू लगेच डेड होत नाही. डावा हात आडवा, मूठ बंद, आणि खेळ चालू. पिचरने नियमबाह्य पिच टाकला, बचाव करणाऱ्या खेळाडूने चेंडू हाती नसताना रनरची वाट अडवली, कॅचरचा ग्लोव्ह बॅटला लागला, किंवा फेकणाऱ्या कॅचरच्या हाताला तुम्हीच आड आलात, तर हीच खूण. खेळ आपसूक थांबला की मग डेड बॉल म्हणायचे आणि काय द्यायचे ते द्यायचे. नियमबाह्य पिचवर बॅटरला एक बॉल मिळतो. रनरांना काय मिळते यात नियमपुस्तकांमध्ये बदल होत आलेले आहेत, म्हणून त्या स्पर्धेला कोणत्या वर्षाचे पुस्तक लागू आहे ते सकाळीच आयोजकांकडून पाहून घ्या.

तो डावा हात मात्र खरोखर आडवा आणि दिसेल असा ठेवा. कमरेजवळ धरलेली मूठ कुणालाच दिसत नाही, आणि नंतर प्रशिक्षक म्हणतात की तुम्ही आत्ता शोधून काढले.

दोन्ही नियम एकाच चेंडूवर आले तर

खरी परीक्षा इथे आहे. वेगवेगळे दोन्ही नियम माहीत असणारे पंचही इथे थबकतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बॅटरवर दोन स्ट्राइक. आत घुसणाऱ्या चेंडूवर ती बॅट फिरवते, हुकते, चेंडू तिच्या मांडीला लागतो आणि लांब जातो. पहिला बेस रिकामा आहे. ती पळायला लागते. हे सुटलेले तिसरे स्ट्राइक नाही. चेंडू अंगाला लागताच डेड झाला, बॅट फिरवली म्हणून स्ट्राइक मोजला गेला, आणि तो तिसरा असल्याने ती बाद. रनर आपापल्या जागी परत. चेंडू डेड झाल्यावर पळण्याचा हक्क निर्माणच होत नाही, हे वाक्य मनात पक्के करा. या एका वाक्याने बरेचसे वाद मिटतात.

हाच चेंडू हातावर लागला तर? "हात हा बॅटचाच भाग" हे मैदानावर इतक्यांदा ऐकले आहे की लोक ते नियम समजतात. तसा नियम नाही. हात हा बॅटरच्या अंगाचा भाग आहे. बॅट न फिरवता बोटांवर चेंडू बसला तर तिला पहिला बेस मिळतो. फिरवताना बसला तर स्ट्राइक, चेंडू डेड.

बॅट न फिरवता चेंडू अंगाला लागला, पण तो स्ट्राइक झोनमधून जात होता, म्हणजे प्लेटच्या वरून, काखेच्या खाली आणि गुडघ्याच्या वर, तर तो स्ट्राइकच. प्लेटवर झुकून उभ्या राहणाऱ्या बॅटरच्या बाबतीत हे घडते. तिसरा असेल तर ती बाद. तिला लागलेले असते, ती कळवळत असते आणि तुम्हाला बाद द्यावे लागते. आधी ती ठीक आहे ना ते बघा, पाणी मागवा, मग निर्णय समजावून सांगा. चेंडू डेडच आहे, घाई कसली नाही.

टप्पा पडून चेंडू अंगाला लागला तरी तो अंगाला लागलेलाच चेंडू. बॅट फिरवली नसेल तर पहिला बेस द्या.

आता दुसरा प्रकार. पहिल्या बेसवर रनर, दोन आऊट, दोन स्ट्राइक. पिचरच्या हातून चेंडू सुटण्याआधीच रनरने बेस सोडला, बॅटर हुकली, चेंडू सुटला आणि ती पळाली. बेसवरच्या पंचाने रनरला बघितले असेल तर त्याने त्याच क्षणी डेड बॉल द्यायला हवा. रनर बाद, आणि तो चेंडू मोजलाच जात नाही. स्ट्राइकही नाही, पळणेही नाही. इथे तीन आऊट झाल्याने डाव संपला. एकच आऊट असता तर तीच बॅटर त्याच दोन स्ट्राइकवर पुन्हा उभी राहिली असती.

तिसरा प्रकार फेकीचा. दोन आऊट, दुसऱ्या बेसवर रनर. तिसरा स्ट्राइक सुटतो, बॅटर पळते, कॅचर पहिल्या बेसकडे फेकते आणि चेंडू हद्दीबाहेर प्रेक्षकांत जातो. डेड बॉल. फेकलेला चेंडू बाहेर गेला की प्रत्येकीला दोन बेस मिळतात, आणि ते चेंडू कॅचरच्या हातून सुटला त्या क्षणी जी जिथे होती तिथून मोजायचे. त्या वेळी बॅटर पहिल्या बेसला पोचली नव्हती, म्हणून तिला दुसरा बेस. रनरने दुसरा सोडला होता पण तिसरा गाठला नव्हता, म्हणून तिला होम. त्यामुळे कॅचर फेकत असताना चेंडूच्या मागे मान फिरवण्याआधी रनर कुठे आहेत याची एक नजर घ्या. दोघे पंच असतील तर हे काम बेसवरच्या पंचाचे, पण विचारपूस करताना दोघांनाही माहीत असलेले बरे.

पळणारी बॅटर सुटलेल्या चेंडूच्या आड आली आणि कॅचरला तो उचलू दिला नाही, तर चेंडू डेड, बॅटर बाद, रनर परत.

आणि सुरुवातीला सांगितला तो प्रसंग, बॅटरला हक्क नसताना ती पळाली तो. हक्क नसलेली बॅटर पळाल्याने कॅचरने फेक केली, म्हणून तो आपोआप अडथळा ठरत नाही. चेंडू जिवंत आहे, रनर जेवढे पुढे गेले तेवढे गेले. बचाव करणाऱ्या संघालाही आऊट किती आणि पहिला बेस भरलेला की नाही हे माहीत असायला हवे, असे नियम मानतो. हे ऐकायला कठोर वाटते, आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तर अधिकच. म्हणूनच तुमच्या आवाजाला किंमत आहे. तिसरा स्ट्राइक पडताच, हक्क नसेल तर, "बॅटर आऊट! बॅटर आऊट!" असे दोनदा ओरडा. पहिले कॅचरला ऐकू जाते, दुसरे पहिल्या बेसला. हक्क असेल आणि चेंडू सुटला असेल तर फक्त स्ट्राइकचा इशारा करा, आऊट हा शब्द तोंडातून काढू नका. स्ट्राइक आणि आऊट दोन्हींचा हात सारखाच दिसतो, फरक आवाजानेच कळतो.

मुंबईच्या मैदानावर

फास्ट पिचचे बेस १८.२९ मीटर अंतरावर असतात, महिलांसाठी पिचरची पट्टी १३.११ मीटरवर आणि पुरुषांसाठी १४.०२ मीटरवर. एवढे आखायला जागा मिळते. अडचण आउटफिल्डची असते. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क अशा मैदानांवर शेजारी क्रिकेटचे सामने चालू असतात, कधी कबड्डीचा सराव, आणि मधून माणसे शॉर्टकट म्हणून चालत जातात. पुस्तकातले कुंपण इथे नाही. म्हणून सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षकांना आणि कर्णधारांना घेऊन मैदानाला एक पूर्ण फेरी मारा. हद्द कुठली, झाडाच्या फांदीला चेंडू लागला तर काय, क्रिकेटच्या खेळपट्टीवरच्या दोरीपलीकडे गेला तर काय, प्लेटमागे जाळी नसेल तर चेंडू किती मागे गेला की हद्दीबाहेर. हे सगळे बोलून ठरवा आणि गुणलेखकाच्या वहीत लिहून घ्या. प्लेटमागची रेषा सगळ्यात आधी ठरवा. तिसरा स्ट्राइक सुटून मागे गेलेला चेंडू जिवंत की डेड, हे त्याच रेषेवरून ठरणार असते.

खेळात नसलेल्या माणसाने चेंडू अडवला किंवा उचलून दिला तर तो डेड. लोक मदत म्हणूनच करतात, त्यांच्यावर ओरडू नका. पण सामन्याआधी राखीव खेळाडूंना फाऊलच्या रेषेपासून दूर बसवा, त्यांनाही चेंडू न उचलण्याची ताकीद द्या.

शेजारचा क्रिकेटचा चेंडू आत आला तर? चालू खेळ थांबवण्याची घाई करू नका. खेळ आपसूक संपू द्या, मग टाइम द्या. धोका असेल, म्हणजे चेंडू पळणाऱ्या मुलीच्या अंगावर जात असेल किंवा कुणी जबर जखमी झाले असेल, तर लगेच दोन्ही हात वर. एरवी लागले, मुरगळले, तरी चालू खेळ थांबेपर्यंत टाइम नाही.

चूक झाली तर, आणि पुढचा चेंडू

तुम्ही हक्क नसताना पळू दिले, किंवा घाईत आऊट म्हणालात आणि बॅटर थांबली, तर दुरुस्ती करता येते. पंचाच्या बदललेल्या किंवा उशिरा दिलेल्या निर्णयामुळे एखाद्या संघाचे नुकसान झाले असेल, तर प्लेटवरचा पंच ते सरळ करू शकतो. पण पुढचा चेंडू पडण्याआधी. म्हणून शंका आली की टाइम घ्या, बेसवरच्या पंचाला बाजूला बोलवा, दोघे एकमेकांना काय दिसले ते सांगा, मग दोन्ही प्रशिक्षकांना एकत्र बोलावून एकदाच निर्णय सांगा. प्रत्येकाला वेगळे समजावत बसलात तर प्रत्येकाला वेगळे वाक्य ऐकू जाते. नियमाच्या अर्थावर कुणाचा आक्षेप असेल तर त्याला रीतसर निषेध नोंदवता येतो, तोही पुढच्या चेंडूआधी. चेंडू हुकला की लागला, पकडला की सुटला, यावर मात्र निषेध नसतो. तो तुमचा डोळ्यांनी दिलेला निर्णय आहे.

सरावासाठी स्वतःच्या सामन्याची वाट बघू नका. दुसऱ्या कुणाचा सामना असेल तेव्हा प्लेटमागे, जाळीच्या बाहेर उभे राहा, हातात काऊंटर घ्या आणि प्रत्येक दोन-स्ट्राइक चेंडूआधी पुटपुटा: "एक आऊट, पहिला रिकामा, पळता येईल." बाजूला एखादी मैत्रीण असेल तर तिला विचारायला सांगा. आऊट आणि बेस बदलत ठेवून तिने पटापट प्रश्न टाकायचे, तुम्ही आवाजात आणि हाताने उत्तर द्यायचे. घरी आरशासमोर दोन्ही हातांचा डेड बॉल आणि डाव्या मुठीचा आडवा हात एकाआड एक करून बघा. पहिल्या काही दिवसांत हात आपोआप एकमेकांत मिसळतात.

चेंडू डेड झाल्यावर खेळ पुन्हा सुरू करण्याचीही रीत आहे. चेंडू पिचरच्या हातात, पिचर आपल्या वर्तुळात, रनर आपापल्या बेसवर, बॅटर चौकोनात. हे चारही बघा, गुणलेखकाने मान हलवली का ते बघा, मग उजवा हात पिचरकडे करून "प्ले" म्हणा. "प्ले" म्हणेपर्यंत काहीही घडले तरी ते खेळात मोजले जात नाही. त्यामुळे आऊट किती, पहिला बेस भरलेला की रिकामा, हे पुन्हा एकदा मनात म्हणायलाही हीच वेळ चांगली.